घट्टूबाईचे हात

घट्टूबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर तिनं कधी लावला नाही. नळाला पाणी चारला यायचं. रिकाम्या बादलीत पहिली धार पडली की ती उठलीच. पाणी भरायचं, डबे करायचे, आजारी नवऱ्याची औषधं उशाशी मांडायची, लेकीला उठवून अभ्यासाला बसवायचं आणि कारखान्याचा भोंगा होण्याआधी बाकावर हजर राहायचं. तिला उशीर झालेला मी पाहिला नाही. माझं बाक तिच्या शेजारी होतं, म्हणून खात्रीनं सांगते.

आम्ही मोटारींच्या कॉइली गुंडाळायचो. साचा फिरतो, तांब्याची तार हातातून सुटत जाते, एकावर एक वेढे बसतात. वेढा सैल पडला तर कॉइल मोटारीच्या खाचेत शिरत नाही. तार जास्त ओढली तर तिच्यावरचं वार्निश खरवडतं, आणि ती मोटार पुढे कुणाच्या तरी विहिरीवर नाहीतर गिरणीत जळते. किती ओढायचं ते बोटांना कळावं लागतं. ते कुणी शिकवत नाही. बोटं फाटतात, मग कळतं. घट्टूबाईची कॉइल हातोडीचा टोला न लागता खाचेत बसायची. नाव त्यावरून पडलं. पैशालाही ती घट्टच होती, पण तो अर्थ लोकांनी मागून चिकटवला.

तांब्याचं काम म्हटलं की झडती आलीच. सुटी झाली की फाटकाशी रांग लागायची. बायकांसाठी रखवालदारीण असायची. पिशवी उघडून जमिनीवर ठेवायची, पाय जरा फाकवायचे, दोन्ही हात खांद्यांच्या वर न्यायचे, मग पाठ फिरवायची. आम्ही बाकीच्या कुरकुरत करायचो. घट्टूबाईनं मात्र झडतीलाही कामच मानलं होतं, आणि काम म्हटलं की ती ते नीट करायची. रखवालदारीण तोंड उघडायच्या आत हिची पिशवी खाली, हात वर, गिरकी, पिशवी उचलली, चालू लागली. वर हसूनही दाखवायची.

"सगळ्या तुझ्यासारख्या असत्या तर मी वेळेवर घरी गेले असते," रखवालदारीण म्हणायची.

"कर नाही त्याला डर कशाला?" हे घट्टूबाईचं उत्तर. रोजचं.

एके वर्षी पॅकिंगला नवी मुलगी आली. जिभेनं तिखट, म्हणून तिचं नाव मिरची पडलं. एका संध्याकाळी ती रांगेत पुढे होती आणि शेजारून साहेबांची गाडी निघाली. रखवालदारानं सलाम ठोकला, गाडी गेली. मिरचीनं आपली पिशवी पाठीमागे धरली.

"आधी त्यांची गाडी उघडा," ती म्हणाली. "मग माझी पिशवी."

रांग थांबली. सगळ्यांना घाई होती. मागून घट्टूबाईनं विचारलं, "काय गं, काही आहे का पिशवीत?"

"काही नाही."

"मग कर की हात वर. चोराच्या मनात चांदणं."

रांगभर हशा झाला. मिरचीनं मागे वळून घट्टूबाईकडे पाहिलं, आणि हात वर केले. त्या महिन्याच्या अखेरीस ती काम सोडून गेली. कुठे गेली कुणाला माहीत नाही. घट्टूबाई तेव्हाच्या तेव्हा हे विसरली. घरी जाऊन डबे घासायचे होते.

लेक शिकली. दवाखान्याच्या औषधविभागात लागली, तिथल्याच मुलाशी लग्न केलं, आणि दोघं परदेशी गेली. नवरा गेल्यावर घट्टूबाई एकटी राहिली. पत्र्याचं छप्पर असलेल्या दोन खोल्या. त्यावर स्लॅब टाकायचा, एवढं एकच स्वप्न तिनं धरलं होतं. पगारातून काही ना काही त्यासाठी बाजूला पडायचंच. निवृत्त झाली तेव्हा जमायला आलं होतं. तेवढ्यात लेकीनं तिकीट पाठवलं. दोन महिने ये म्हणाली.

ही बातमी गल्लीत पसरली आणि सल्ल्यांचा पूर आला. परदेशी न गेलेलेच जास्त सल्ले देत होते. मोठ्यानं बोलू नकोस. बसमध्ये कुणाकडे टक लावून पाहू नकोस. आपल्या रंगाच्या माणसाला तिकडे आधीच चोर समजतात, तेव्हा पिशवी लहान ने. दुकानात गेलीस की काहीतरी विकत घे, रिकाम्या हातानं बाहेर पडू नकोस. कोपऱ्यावरच्या शिंप्याचा भाऊ तिकडे होता, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. तो घट्टूबाईचा गरम कोट शिवत होता.

"काकू, खिसे ठेवत नाही," तो म्हणाला.

"का रे? कापड कमी पडलं की तूच मारलंस?"

"खिशात हात गेला की तिकडे संशय घेतात. खिसाच नको, कटकटच नको."

बिनखिशाचा कोट घालून ती मला दाखवायला आली. मी विचारलं, भीती वाटते का?

"वाटते की," ती म्हणाली. "पण भाषा येत नाही ते बरंय. शिवी कळली नाही तर लागत नाही."

फोनवर लेकीला हेच सांगितलं तेव्हा लेक म्हणाली, "आई, नजर कळते गं. तिला भाषा लागत नाही."

पुढचं सगळं मला घट्टूबाईनं सांगितलं. एकदम नाही. तुकड्यातुकड्यानं, भाजी निवडताना, खाली मान घालून.

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिने अरुंद, स्वयंपाकघर आमच्या बाकाएवढं. पहिल्याच आठवड्यात घट्टूबाईनं सवयीनं सगळं आवरायला काढलं. एक खण उघडला तर आत शिवणाचे दोरे. पांढरे, काळे, निळे, कागदही न काढलेले. त्यांच्याखाली मेणबत्त्या, बुटांच्या नाड्या, कंगवे.

"एवढे दोरे? तू शिवतेस कधी?"

"नाही शिवत."

"मग?"

लेक भांडी पुसत होती. म्हणाली, "खालच्या दुकानात हवी ती वस्तू मिळाली नाही तर काहीतरी घ्यावं लागतं. दोरा सगळ्यात स्वस्त. पावती हातात असली की दारातला माणूस जरा कमी बघतो."

मग बाकीचं निघालं. घराखाली एक मोठं दुकान होतं. दारात रखवालदार. तो लेकीची पिशवी बघायचा. समोरच्या दाराची बाई मूळची तिकडचीच, तिकडच्या रंगाची. तिची कधी नाही. एकदा त्यानं लेकीला थांबवून सगळी पिशवी गल्ल्याजवळ ओतायला लावली. निघालं काही नाही. पण तिकडच्या दवाखान्यात तिच्याबरोबर काम करणारा एकजण रांगेत उभा होता, त्यानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कुजबुज. लेकीला औषधांच्या कोठाराची जबाबदारी मिळायची होती, किल्ल्या तिच्या हाती यायच्या होत्या. वरिष्ठ बाईनं तिला बाजूला घेऊन विचारलं, "त्या दुकानात नेमकं काय झालं?" विचारलं गोड आवाजात. पण किल्ल्या थांबल्या.

लेकीनं दुकानाकडे तक्रार केली. तिला एकच हवं होतं. दुकानाच्या मॅनेजरनं कबूल करावं की झडती विनाकारण घेतली, रंग बघून घेतली. ते कबूल झालं असतं तर दवाखान्यात तिला मान वर करून सांगता आलं असतं. मॅनेजरनं बोलायला बोलावलं होतं. दिवस ठरला होता.

"आई, तू घरी थांब," लेक म्हणाली.

"एकटी कशाला जातेस? मी बोलणार थोडीच आहे? मागे उभी राहीन. सोबत माणूस असलं की बळ येतं."

लेक हसली. "बरं, चल. कोट घाल."

जिना उतरताना लेकीनं तिला तिकडच्या भाषेतला आभाराचा शब्द पुन्हा म्हणायला लावला. तेवढा एक तिला आला होता.

दुकानाचं काचेचं दार आपोआप उघडलं. लेक सरळ चालत आत गेली. मान ताठ, वेग कमी न करता. समोरून मॅनेजर तिला घ्यायला येतच होता. घट्टूबाई चार पावलं मागे. रखवालदार दाराच्या कडेला होता. त्यानं नुसती मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

गणवेश, दार, नजर. घट्टूबाईनं पिशवी जमिनीवर ठेवली, तिचं तोंड उघडं केलं, पाय फाकवले आणि दोन्ही हात वर केले. मग गिरकी घेतली. आणि हसली.

दुकान थांबलं. गल्ल्यावरची मुलगी थांबली. मॅनेजरही थांबला, आणि लेकीच्या खांद्यावरून पाहू लागला. लेकीनं वळून पाहिलं.

"आई, हात खाली कर."

"पिशवीत काही नाही गं, रुमाल आणि गोळ्या."

"आई. हात."

आतल्या लहान खोलीत तिघं बसली. बोलणं फार झालं नाही. मॅनेजर हळू आणि नम्र बोलत होता. लेक एकदा मोठ्यानं काही म्हणाली, मग गप्प झाली. शेवटी त्यानं उठून घट्टूबाईचा हात हातात घेतला आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा तिला दिला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि पाठ केलेला आभाराचा शब्द म्हटला. दोनदा म्हटला, पहिल्यांदा नीट आला नाही म्हणून.

घरी येताना जिन्यात तिनं विचारलं, "काय झालं? माणूस बरा वाटला. बिस्किटं दिली."

"हो," लेक म्हणाली. "बरा आहे."

"मग मिटलं ना?"

"मिटलं."

वर आल्यावर लेक कोट न काढता खुर्चीत बसली. घट्टूबाई कामावरची बाई. माल बिघडला की तिला वास येतो. ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. तेव्हा लेकीनं सांगितलं. मॅनेजर म्हणाला होता, आमच्या माणसानं काही मागितलं नाही, हात लावला नाही, तोंड उघडलं नाही. तुमच्या आईनं स्वतःहून झडती दिली, हसत दिली. तुमच्या लोकांत हे चालत असेल तर राग आमच्यावर का? आपण दोघांनी हे इथेच सोडून देऊ.

"मी काय बोलणार होते?" लेक म्हणाली. "सगळ्यांनी पाहिलं होतं."

"पण कर नाही त्याला डर..." घट्टूबाईचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

"आई, तुला कुणी हात वर करायला सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला लागतंय?"

लेक हसली आणि हसता हसता रडायला लागली. "तेच तर," ती म्हणाली. "त्यांना तेच हवंय. सांगायला लागू नये."

जावई संध्याकाळी आला. सगळं ऐकून म्हणाला, "आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमची चूक नाही." घट्टूबाई मला म्हणाली, "तो चांगला आहे म्हणून तसं म्हणाला. कॉइल माझ्या हातची, मोटार जळली, आणि म्हणे चूक नाही."

किल्ल्या दुसऱ्याला मिळाल्या. लेकीनं त्या दुकानात जाणं सोडलं. पुढच्या चौकातल्या दुकानातून ती सामान आणू लागली, तीन मजले वर वाहू लागली. आईला एक शब्द बोलली नाही. घट्टूबाईला तेच सोसेना. बोलली असती तर बरं झालं असतं, म्हणायची.

परत आली तेव्हा बिस्किटांचा डबा तिच्या सामानात होता. फळीवर ठेवला, उघडला नाही. मी म्हटलं, "अगं, खराब होतील." म्हणाली, "होऊ देत. ती खाण्याची वस्तू नाही."

त्याच काळात मिरची तिच्या तोंडी यायला लागली. इतक्या वर्षांत नाव काढलं नव्हतं, आणि आता दिवसाआड. मिरची कुठे राहायची, तुला ठाऊक आहे का? तिची मावशी होती ना पॅकिंगला? आम्ही दोघी जुन्या लोकांकडे जाऊन आलो. पत्ता लागला नाही. परतताना घट्टूबाई रस्त्यात उभी राहिली.

"रांग हसली ना गं तेव्हा? माझ्या बोलण्यावर?"

"हसली."

"पोरगी खरं बोलत होती. आणि मी तिचे हात वर करवले. रखवालदारणीनं नाही. मी."

मग ती चालू लागली. मीही तिच्याबरोबर चालत राहिले. खोटं समाधान तिला चालत नाही. सैल वेढा तिला लांबून दिसतो.

पावसाळा सरल्यावर एके दिवशी ती शिंप्याकडे गेली. मीही होते.

"कोटाला खिसे लाव," ती म्हणाली.

"आता? काकू, तिकडे संशय..."

"खोल लाव. मनगटापर्यंत हात गेला पाहिजे."

दुसरं तिकीट तिनं स्वतः काढलं. लेकीला आधी कळवलं नाही. जावयाला मात्र गुपचूप फोन केला आणि एक वाक्य तिकडच्या भाषेत शिकवायला सांगितलं. 'आधी त्यांची, मग माझी.' जावयानं विचारलं, कशाला? म्हणाली, "तुम्ही शिकवा हो. मास्तरनं कारण विचारायचं नसतं."

आणि मग सुरू झाला सराव. तो माझ्या दारात. मी हातात लाटणं धरून उंबऱ्यावर उभी, रखवालदार. ती गल्लीतून पिशवी घेऊन यायची. मी नुसतं तिच्याकडे बघायचं. पहिल्या दिवशी दर वेळी हात वर. तिला कळायच्या आत वर.

"पुन्हा," ती म्हणायची आणि गल्लीच्या टोकाला जायची.

गल्लीतली पोरं हसायला जमली. शेजारीण म्हणाली, "दोघींना म्हातारचळ लागला." घट्टूबाई म्हणाली, "बाजूला हो, माझ्या कामात येऊ नकोस." हात खिशात ठेवूनही कोपर उचललं जायचं. मी ते दाखवलं की ती चिडायची नाही. कुठे चुकलं ते पुन्हा विचारायची, आणि पुन्हा गल्लीच्या टोकाला. ती निघायच्या आदल्या आठवड्यात कोपर हललं नाही. वाक्यही सुटंसुटं का होईना, यायला लागलं.

लेकीनं दार उघडलं आणि आई समोर. आधी ओरडली, मग मिठी मारली. चहा झाल्यावर घट्टूबाई म्हणाली, "चल, खालच्या दुकानात जाऊ."

"मी तिथे जात नाही. काय हवंय तुला? मी चौकातून आणते."

"काही नकोय."

"मग कशाला?"

"काही नकोय, म्हणूनच."

लेकीनं कोट घातला.

रखवालदार तोच होता. या खेपेला तो नुसता बघत थांबला नाही. पुढे येऊन त्यानं पिशवीकडे बोट केलं. घट्टूबाईचे हात खिशात होते. मला म्हणाली, आत माशासारखे उसळत होते. मुठी आवळल्या. त्यांच्या बाजूनं तिकडच्याच रंगाचा एक माणूस मोठी पिशवी खांद्याला लावून आत चालला होता. तिनं हनुवटीनं त्याच्याकडे दाखवलं आणि वाक्य म्हटलं. रखवालदाराला कळलं नाही. पुन्हा म्हटलं. तरी नाही. मग शेजारून लेकीनं तेच वाक्य म्हटलं, स्पष्ट, दुकानभर ऐकू जाईल असं.

"आधी त्यांची. मग माझी."

तो माणूस थबकला. गल्ल्यावरची मुलगी थबकली. रखवालदारानं त्या माणसाच्या पिशवीकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि बाजूला झाला. बस एवढंच. माफी नाही, मॅनेजर नाही, बिस्किटं नाहीत.

दोघी आत फिरल्या. घट्टूबाईनं एक उशी दाबून पाहिली, किंमत वाचली, परत ठेवली. दोऱ्यांपाशी लेक सवयीनं थांबली.

"पुरे झाले दोरे," घट्टूबाई म्हणाली.

त्या रखवालदाराच्या समोरून, काही न घेता, बाहेर पडल्या. बाहेर पडणं आत जाण्यापेक्षा जड गेलं, असं ती म्हणते. कारखान्यात झडतीचं फाटक बाहेर जातानाच लागायचं ना.

जिन्यात लेकीनं विचारलं, "हे वाक्य तुला सुचलं कुठून?"

"माझं नाही," ती म्हणाली. "मिरचीचं आहे." आणि पायरीवर बसून लेकीला सगळं सांगितलं. ती रांग, तो हशा, आपलं बोलणं. लेकीनं माफ केलं का, ते मी विचारलं नाही, घट्टूबाईनंही सांगितलं नाही. लेक आता त्या दुकानात जाते, एवढं मला माहीत आहे.

किल्ल्या काही परत आल्या नाहीत. कुणी "पण तू धाडस केलंस" म्हटलं की घट्टूबाई मान हलवते. "एक कॉइल नीट बसली म्हणून जळलेली मोटार चालू होत नाही," म्हणते. आपली चूक कुणी पुसून टाकावी असं तिला वाटत नाही.

तिच्या घरावर अजून पत्रे आहेत. उन्हाळ्यात तापतात, दुपारी ती माझ्याकडे येऊन पडते. पत्र्याखालच्या त्या घरात ती भिंतीला खुंटीवर खोल खिशांचा कोट टांगून ठेवते. स्लॅबसाठी हाडं झिजवून साठवलेला पैसा त्या तिकिटाला गेला. एका दुकानात जाऊन, काहीही विकत न घेता, बाहेर यायला.